जीप उंच करू नका, आधी घट्ट करा

कृषी खात्याचा माणूस जीपगाडीवर लिहितोय म्हणून काहींना नवल वाटेल. पण रोहिणी जवळ आली की पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या डोंगरी वाड्यांतून फिरताना बियाण्याच्या बरोबरीने मला हाच प्रश्न विचारला जातो. "साहेब, जुनी जीप आहे. टायर कोणते टाकू? गाडी किती उंच करून घेऊ?" डांबरी रस्ता जिथे संपतो तिथून पुढच्या वाडीला खताची पोती, दुधाचे कॅन, नाचणीचं बी हे सगळं जाणार कशानं? ट्रॅक्टर सगळ्यांकडे नाही, आणि रात्री-अपरात्री आजारी माणूस ट्रॉलीत घालून नेता येत नाही. मग वाडीत जी एखादी जुनी फोरव्हील जीप असते, तीच सगळ्यांची गाडी होते. म्हणून ती धड असणं हे एकट्या मालकाचं काम राहत नाही.

आमच्या घरी १९९२ सालची एमएम ५४० आहे. वडिलांनी ती लिलावात घेतली. तिच्यावर मी स्वतः पैसे खर्च करून चुका केल्या आहेत, त्या तुम्ही करू नयेत एवढ्यासाठी हा खटाटोप.

आधी आपली गाडी ओळखा

महिंद्रने १९४७ पासून अमेरिकेतल्या विलीज जीपचे भाग आणून मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली. पुढे सीजे-३बी आली, तिच्यातूनच डिझेलच्या जीप निघाल्या. त्यांतल्या सीजे ५००डी या गाडीला तर ट्रॅक्टरच्याच घराण्यातलं २३५० सीसीचं इंजिन होतं. १९८५ च्या सुमारास एमएम ५४० आली, तिला प्युजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन. आपल्याकडे खेडोपाडी उरलेल्या जीप बहुतेक या गोतावळ्यातल्या. मात्र दिसायला जीप म्हणून ती फोरव्हील असेलच असं नाही. वडापाला ज्या लांब जीप धावल्या, त्यांतल्या कित्येक फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या होत्या. गाडी विकत घेताना खाली वाकून बघा. पुढच्या ॲक्सललाही मागच्यासारखा डिफरन्शियलचा गोळा हवा आणि त्याला जाणारा प्रोपेलर शाफ्ट हवा. आणि तो नुसता लटकवलेला नको. चिखलात घालून, फोरव्हील लावून, पुढची चाकं ओढतात की नाही हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे मोजू नका.

जुन्या जीपला मोठ्या गिअरशिवाय आणखी दोन दांडे असतात. एक पुढची चाकं जोडतो. दुसरा गाडी 'लो'मध्ये घालतो, म्हणजे तोच गिअर सुमारे अडीच पट जोर देतो आणि तेवढाच वेग कमी होतो. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत पुढची चाकं जोडल्याशिवाय लो लागतच नाही, कारण सगळा जोर एकट्या मागच्या ॲक्सलवर आला तर तो मोडेल. बनवणाऱ्यानं एवढा विचार करून ठेवला आहे. आपण त्यात हात घालतो तेव्हा निदान त्याच्या निम्मा तरी विचार करावा.

माझी चूक

२०१६ च्या उन्हाळ्यात मी एका गॅरेजात गाडी उंच करून घेतली. पाट्यांचे मूळचे शॅकल काढून लांब शॅकल टाकले, मूळच्या ६.०० - १६ टायरच्या जागी ३१ इंची रुंद टायर बसवले. गाडी दिसायला झकास झाली. फोटो काढले. पाटे तेच जुने, क्रॉस तेच जुने, ब्रेक तेच. गॅरेजवाल्यानं त्याबद्दल काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्या जुलैत, भर पावसात, वरच्या वाडीतून रात्री आशाताईंचा निरोप आला. एका सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. १०८ ची गाडी डांबरी रस्त्यापर्यंतच येणार होती. मी जीप घेऊन वर गेलो, तिला नि तिच्या सासूला बसवलं आणि निघालो. मध्ये ओढा लागतो. ओढा ओलांडून पलीकडचा चढ चढताना खालून खाडकन आवाज आला. मागच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तुटला. मोठे टायर आहेत या घमेंडीत मी फोरव्हील लावलीच नव्हती. गाडी मागे घसरायला लागली. पायब्रेक दाबला तर ड्रममध्ये ओढ्याचं पाणी, ब्रेक लागेना. हँडब्रेक ओढला तर त्याचा काहीच उपयोग नाही. गाडीचं मागचं चाक दरडीला टेकलं म्हणून आम्ही ओढ्यात गेलो नाही. पुढचं अंतर गावच्या चार माणसांनी तिला डोलीतून नेलं. मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप. पण त्या रात्री सासूबाई माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होत्या, ती नजर मी अजून विसरलो नाही.

सकाळी उजेडात समजलं ते असं. लांब शॅकलमुळे गाडी उंच झाली तसा प्रोपेलर शाफ्टचा उतार वाढला. क्रॉस हा ठरावीक कोनात फिरण्यासाठी असतो. कोन वाढला की त्याच्या सुया झिजतात, ग्रीस टिकत नाही. त्यातच मोठ्या टायरनं चाक फिरवायला जास्त जोर लागतो, तो सगळा जोर त्या झिजलेल्या क्रॉसवरून जातो. आणि हँडब्रेकचं म्हणाल, तर सीजे घराण्यातल्या जुन्या गाड्यांना तो चाकाला नसतोच. ट्रान्सफर केसच्या मागे एक छोटा ड्रम असतो, तो शाफ्टला धरतो. शाफ्टच तुटला तर हँडब्रेक धरणार कशाला? फोरव्हील लावलेली असती तर त्याच हँडब्रेकनं पुढची चाकं धरली असती. नंतर मी तुटका शाफ्ट नट खोलून बाजूला काढला, पुढची चाकं जोडली आणि पुढच्या चाकांच्या ओढीवर गाडी घरी आणली. ही युक्ती लक्षात ठेवा, पण त्यासाठी गाडीत योग्य मापाचे पाने हवेत. त्या रात्री माझ्याकडे गाणी वाजवायचा टेप होता, पाने नव्हते.

पैसे आधी कुठे घालायचे

माझं स्पष्ट मत आहे. पहिला रुपया ब्रेकवर. जुन्या जीपला चारही चाकांना ड्रमब्रेक असतात. चाकं काढून चारही व्हील सिलिंडर बघा, रबर मागे सारून ओलसर दिसलं तर किट बदला, सिलिंडर आतून गंजला असेल तर सिलिंडरच बदला. सीजे घराण्यातल्या जुन्या गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकचं तेल एकाच लाइनीतून जातं. एका चाकाचा पाइप फुटला की चारही गेले. ॲक्सलवरून जाणारे लोखंडी पाइप खालच्या बाजूनं शेणामातीनं गंजतात, तिथे बोट फिरवून बघा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, म्हणून ते दोन वर्षांनी पूर्ण बदललेलं बरं. हँडब्रेकच्या छोट्या ड्रमवर तेल आलंय का तेही बघा. ट्रान्सफर केसचं मागचं ऑइल सील गळालं की तेल सरळ लायनरवर येतं आणि मग दांडा कितीही ओढा, गाडी उताराला थांबत नाही. नुसतं लायनर बदलून उपयोग नाही, आधी सील बदला.

दुसरा पैसा पाट्यांवर आणि क्रॉसवर. पाटा बसला असेल, एखादी पात तडकली असेल तर कमान करणाऱ्या कारागिराकडे नेऊन पुन्हा कमान द्या किंवा नवी पात घाला. एवढ्यानंच बसलेली गाडी तिच्या मूळ उंचीला येते. शंभरातल्या नव्वद जणांना जी 'उंची' हवी असते ती हीच असते, गाडी जुनी होऊन दबलेली असते इतकंच. जादा पाती घालून गाडी कडक करू नका. रिकाम्या गाडीची चाकं मग खड्ड्यात हवेत राहतात आणि हवेतलं चाक गाडी ओढत नाही. यू-बोल्ट एकदा खोलले की पाट्यावर भार टाकून शंभर-दोनशे किलोमीटर चालवा आणि पुन्हा आवळा. हे सहसा कोणी करत नाही.

क्रॉस तपासायला गॅरेजची गरज नाही. गाडी सपाटीवर उभी करा, चाकांना दगड लावा, शाफ्ट हातात धरून पिळा. खटखट झाली तर क्रॉस गेला. गंजाचा लाल भुगा दिसला तर आत ग्रीस नाही. बैलगाडीला वंगण देण्यात आपले आजोबा चुकत नव्हते, आपण मात्र ग्रीसगन सहा-सहा महिने हातात घेत नाही. पावसाळ्यात चिखला-पाण्यातून गाडी गेली की त्याच आठवड्यात सगळ्या निपलांना ग्रीस द्या, जुनं घाण ग्रीस बाहेर येईपर्यंत द्या.

स्टेअरिंगचा प्ले, टाय रॉडचे बॉल, किंग पिन, चाकाचे बेअरिंग ही सगळी मंडळी एकत्रच झिजतात. ठरावीक वेगाला पुढची चाकं थडथडू लागली की लोक स्टेअरिंग डॅम्पर बसवतात. डॅम्पर म्हणजे ताप आल्यावर कपाळावर ओली पट्टी. दुखणं किंग पिनमध्ये किंवा बॉलमध्ये असतं.

करण्यासारखे बदल

काहीच बदल करू नका असं मी म्हणत नाही. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा बदल कुठला, तर ॲक्सलचा ब्रीदर वर नेणं. प्रत्येक ॲक्सलच्या नळकांड्यावर हवा जायला-यायला एक छोटं बोंडूक असतं. गाडी चालून ॲक्सल तापतो, तसाच तो ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, सीलमधून पाणी आत ओढलं जातं. आतलं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसायला लागतं आणि क्राऊन-पिनियन खातं. त्या बोंडकाच्या जागी नळी जोडण्याचा नोझल बसवून डिझेलचा रबरी पाइप इंजिनच्या बाजूला उंच नेऊन बांधा. ठिबकची उरलेली नळी वापरू नका, ती उष्णतेनं मऊ पडून चिमटते.

टायर मूळ मापाचाच, पण जाड आणि खोल नक्षीचा घ्या. आपल्याकडच्या लाल मातीला खाली कठीण मुरूम किंवा जांभा असतो. अरुंद टायर वरची निसरडी माती कापून खाली कठीण भागाला टेकतो. रुंद टायर वरच्या वर घसरतो. कंपनीनंच त्या गाडीला अरुंद टायर का दिला याचं उत्तर यात आहे. मोठ्या टायरनं वेगकाटा कमी वेग दाखवतो, ब्रेक तेवढे लागत नाहीत आणि लोमधला जोरही कमी होतो. चिखलात अडकायची वेळ आली तर टायरची हवा १८ पौंडांपर्यंत उतरवा, टायर पसरतो आणि पकड वाढते. ट्यूबच्या टायरला याहून फार खाली जाऊ नका, टायर रिमवर फिरतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटतो. डांबरीवर येण्याआधी पायपंपानं हवा भरलीच पाहिजे.

चेसीला पुढे-मागे एकेक भक्कम हुक हवा. चेसीला, बंपरला नव्हे. ओढायला लोखंडी साखळी वापरू नका, तुटली तर माणूस मारते. रुंद पट्टा घ्या आणि ओढताना कोणालाही त्या रेषेत उभं राहू देऊ नका. जॅकखाली घालायला लाकडी फळी ठेवा, नाहीतर काळ्या रानात गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच खाली जातो.

एअर फिल्टरबद्दल तुम्हाला सांगायला नको. ट्रॅक्टरला असतो तसाच बऱ्याच जुन्या जीपना तेलाच्या भांड्याचा फिल्टर असतो. माण-खटावच्या फुफाट्यात धावणारी गाडी असेल तर ट्रॅक्टरसारखंच ते भांडं वरचेवर साफ करा. धूळ खाल्लेलं इंजिन कोणत्याही ऑइलनं बरं होत नाही.

चालवताना

चिखल दिसायच्या आधी फोरव्हील लावा, रुतल्यावर नव्हे. पण कोरड्या डांबरीवर ती काढा. या गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये डिफरन्शियल नसतो. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी. चिखलात चाक घसरून तो फरक निघून जातो, डांबरीवर निघत नाही, सगळा पीळ शाफ्टमध्ये बसतो आणि दांडा अडकतो. अडकला तर ठोकू नका, गाडी थोडी सरळ मागे घ्या, सुटतो.

ओढ्याला पाणी असेल तर आधी काठी घेऊन माणूस उतरवा. वाहत्या पाण्यात त्याला गुडघ्याएवढं पाणी लागलं की परत फिरा. फरशीवर ते साधं वाटतं, पण फरशीची कड कधी तुटली ते वरून दिसत नाही. पाण्यात इंजिन बंद पडलं तर स्टार्टर मारू नका. डिझेल इंजिनात पाणी शिरलेलं असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग इंजिनच खोलावं लागतं. पलीकडे गेल्यावर हळू चालवत पायब्रेक थोडा दाबून धरा, ड्रम सुकतील. माझ्याकडून त्या रात्री हेच राहिलं होतं.

आणि घाट उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका. अजून ही खोड गेलेली नाही. कच्च्या उतारावर फोरव्हील, लो आणि पहिला गिअर लावा, क्लचवरचा पाय काढा, इंजिन गाडीला धरून ठेवतं.

माझ्या खात्याचंही एक सांगतो. वाफसा नसताना शेतात जीप घालू नका. टनाहून जास्त वजन चार टायरांवर येतं आणि ओल्या काळ्या जमिनीत चाकाखालची माती दाबून विटेसारखी होते. वर नांगरट केली तरी खालचा तो थर तसाच राहतो, पाणी मुरत नाही, मुळं खाली जात नाहीत. चाकोरीच्या पट्ट्यात पीक खुरटलेलं दिसतं ते यामुळेच. सरपंच-ग्रामसेवकांनाही विनंती, पाणंद रस्त्यावर मोठा पाऊस झाल्यावर एक-दोन दिवस गाड्या बंद ठेवा आणि बाजूचे चर मोकळे ठेवा. मातोश्री ग्रामसमृद्धी योजना २०२१ ला आली, तिच्यातून मुरूम पडला तरी चर बुजलेला असेल तर चाकोरीचाच ओढा होतो.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी घ्या. पुढे लोखंडी बुलगार्ड लावण्यावर २०१७ च्या डिसेंबरपासून कारवाईच्या सूचना आहेत. बेकायदा बदल असलेल्या गाडीला अपघात झाला तर विम्याची कंपनी हात वर करू शकते, आणि मागे बसलेली माणसं आपल्याच गावची असतात.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावं लागतं. एप्रिल २०२२ पासून त्याची फी बरीच वाढली आहे, वर पर्यावरण कर वेगळा. ज्यांची मुदत या वर्षी संपते त्यांनी ती पावसाळ्यातल्या गर्दीवर टाकू नये. ब्रेक, दिवे, हॉर्न, चेसी नंबर हे सगळं आधी बघून घ्या. चेसी नंबर गंजाखाली झाकलेला असतो, तो घासून स्वच्छ करा, पण पॉलिश पेपरनं नव्हे. आकडे पुसट झाले तर तिथून पुढे वर्षभर हेलपाटे. आमच्या जीपचा नंबर मी डिझेलनं पुसला, वर थोडं ग्रीस लावून ठेवलं. मूळचे शॅकल पोत्यात पडून होते, तेच परत बसवले आणि गाडी पास करून आणली.